काळ्या चौकटीतली हसरी मुलं

तीर्थस्वरूप आत्या,

दोन्ही हात जोडून आणि, कंबर धरल्यामुळे, जेमतेम अर्धं वाकून नमस्कार. उरलेला अर्धा भेटीत घालीन. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? (तो खरा आहे की तू बोलायला लागलीस की येतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.) आम्ही सगळे मजेत. पत्राला एवढा उशीर का झाला हे सांगायला मला जरा लांबून यावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बस.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक युवा केंद्र आहे, हे तुला माहीत नसेल. वाईट वाटून घेऊ नकोस, गल्लीतल्या लोकांनाही माहीत नव्हतं. तिथे संध्याकाळी पंधरा ते वीस वयाच्या मुलामुलींना वायरिंग, प्रथमोपचार, नाटक असं बरंच काही फुकट शिकवतात. चष्म्याचं दुकान बंद केलं की मी तिथे प्रथमोपचार शिकवते. शिकणारे चौघं, तेच सगळ्या वर्गांना, आणि त्यातलेही दोघं वायफायसाठी यायचे. एकमेकांना बँडेज बांधून बांधून ती चार पोरं इतकी कंटाळली होती, की कुणाला तरी खरंच लागावं असं त्यांना वाटायला लागलं होतं. अशात इमारतीच्या मालकाने निरोप धाडला, महिनाअखेरपर्यंत वर्ग भरले नाहीत तर हॉल गाद्यांच्या गोदामाला जाईल. लगेच बैठक बसली. मी फक्त विचारलं, की रेडिओवर मध्येच ‘जनहितार्थ’ म्हणून काहीतरी सांगतात, ते कोण ठरवतं, फुकट असतं का, आणि जनहित मोजतात कसं? तिसरा प्रश्न पुरता व्हायच्या आत टाळ्या पडल्या आणि मी प्रसिद्धिप्रमुख झाले.

आधी रेडिओ केंद्र गाठलं. आत्या, स्टुडिओ तू आतून पाहायलाच हवा! भिंतींना काळा स्पंज, दार गादीसारखं जाड, आणि आत अशी शांतता की आपण गिळलेला आवंढा आपल्यालाच ऐकू येतो. केंद्रप्रमुख बाई भल्या होत्या. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता, तो मी पर्समधल्या स्क्रू-ड्रायव्हरने बसवून दिला, तशा त्या आणखी भल्या झाल्या. तीस सेकंद देते म्हणाल्या. आता तीस सेकंद म्हणजे किती, याची मला कल्पनाच नव्हती. ‘तरुण मित्रमैत्रिणींनो’ म्हणून श्वास घेतला आणि जरा प्रस्तावना केली, तोवर संपले! पुन्हा वाचलं, भरभर. मग माझंच बोलणं मला ऐकवलं. दवाखान्यात नंबर पुकारतात ना, तसं वाटत होतं, आणि तेही नंबर निघून गेलेल्या माणसाचा.

इथवर ठीक होतं. पण निघताना शेजारच्या खोलीचं दार किलकिलं दिसलं. आत निवेदक बसलेला, वर लाल दिवा. मी डोकं आत घालून, बाजारात विचारावं तशा खड्या आवाजात विचारलं, “हा लाल दिवा कशाचा हो?” तो कशाचा, ते सबंध शहराला माझ्याबरोबरच कळलं. (निवेदक हुशार. “श्रोतेहो, आपण थेट प्रक्षेपणात असल्याचा,” असं म्हणून त्याने गाणं लावलं.) बाईंनी मला जिन्यापर्यंत सोडलं. “तुमच्या मुलांना वेळ देईन मी,” त्या म्हणाल्या, “पण आवाज दुसरा आणा. तुमचा या इमारतीत पुन्हा नको.”

मग वर्तमानपत्र. तिथले जाहिरातप्रमुख फार सावध गृहस्थ. फुकट हा शब्द ऐकला की खुर्ची मागे सरकवायचे. ते नाही म्हणत असताना माझं लक्ष टेबलावरच्या उद्याच्या पानांकडे. एके ठिकाणी नुसतंच छापलं होतं, ‘ही जागा जाहिरातीसाठी उपलब्ध’. हे काय, विचारलं, तर कळलं की कुणी आयत्या वेळी जाहिरात मागे घेतली की तिथे असलं काहीतरी टाकतात. “म्हणजे ही जागा वायाच गेली की,” मी म्हटलं. “तिथे आमची मुलं घाला.” रिकामी म्हणजे फुकट नव्हे, हे त्यांनी मला निरनिराळ्या तऱ्हांनी समजावलं, आणि मी प्रत्येक वेळी नव्याने विचारलं, की मग रिकामी राहून तिचं काय होतं? शेवटी ते थकले. जिथे भोक पडेल तिथे तुमचं लावतो म्हणाले. मी आभार मानून केंद्रातल्या मुलांचा हसरा फोटो दिला आणि खाली केंद्राच्या पत्त्यासह ओळ दिली, ‘तुम्हीही या, आम्ही वाट पाहतोय!’

आणि भोक पडलं, आत्या, निधनवार्तांच्या पानावर. कुणाची तरी श्रद्धांजली ऐन वेळी रद्द झाली. (कशी रद्द होते, हे विचारायला मी गेले होते, पण जाहिरातप्रमुख भेटले नाहीत. निदान शिपाई तरी तसं म्हणाला.) जागा मोकळी झाली, चौकट मात्र तशीच राहिली, चांगली जाड, काळी. आत चार हसरी पोरं आणि खाली ‘तुम्हीही या, आम्ही वाट पाहतोय!’

सकाळपासून केंद्राच्या दाराशी चेहरे पाडलेल्या आजीआजोबांची रीघ. मी प्रत्येकाला “नाही हो, सगळे धडधाकट आहेत” सांगून दमले. काहींना ते ऐकून हायसं वाटलं, काहींना येण्याची खेप फुकट गेल्यासारखं. त्यातच संध्याकाळी पुढच्या चौकातले शिंपीकाका आले. बाकावर बसले. मी चूक सांगितली, वायरिंगच्या वर्गात नेऊन ती चारही पोरं दाखवली. त्यातलं एक तेव्हा दुसऱ्याशी पकडीवरून भांडत होतं. काका त्यांच्याकडे बघत राहिले, मग एकाएकी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

“माझा नातू याच वयाचा,” ते म्हणाले. “परीक्षेत नापास झाल्यापासून खोलीबाहेर येत नाही. ताट दाराशी ठेवतो आम्ही. सकाळी हा फोटो पाहिला, आणि दुकान बंद केल्याबरोबर इकडे आलो.”

मला एरवी शंभर प्रश्न सुचतात, तेव्हा एकही सुचला नाही. पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते त्याला घेऊन आले. कसा आणलात, हे मात्र विचारल्याशिवाय राहवेना. “त्याच्या खोलीतला पंखा मीच बिघडवला,” काका कानात म्हणाले, “आणि म्हटलं, दुरुस्त करायला मला येत नाही, तू शिकून ये.” तो पोरगा अजून फार बोलत नाही. पण परवा बोर्ड जोडून त्याने दिवा लावला, तेव्हा सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. बाकीच्या आजीआजोबांनीही घरी जाऊन आपापल्या नातवंडांचं डोकं खाल्लं, कारण वर्तमानपत्राचं ते पान तरुण मुलं वाचत नाहीत, त्यांना वाढवणारे वाचतात. वर्ग भरले. मालकाने गादीवाल्याला ‘हॉल मिळणार नाही’ असं कळवलं.

सगळं चांगलं झालं, तेव्हा माझी काळजी करू नकोस. काकांना नमस्कार.

तुझी लाडकी (तूच म्हणायचीस) भाची

ता. क. रेडिओचे तीस सेकंद अजून शिल्लक आहेत. बाईंना मी सांगून टाकलंय, की बसस्थानकावर सबंध नोकरीभर गाड्या पुकारलेली माझी सख्खी आत्या गुरुवारी येते आहे. काकांना आधीच फोन केला होता. स्वयंपाकाचं मी बघतो म्हणाले. किती दिवस नेतेस विचारलं, मी एक म्हटलं, तर जरा हिरमुसले.

आणखी एक. मजकूर तुला तिथेच मिळेल, आधी पाठवत नाही. पुढच्या महिन्यापासून केंद्रात ‘बोलायचं कसं’ हा नवा वर्ग आहे, त्याची जाहिरात आहे. शेवटच्या ओळीत शिक्षिकेचं नाव येतं. ते तुझंच आहे, तेव्हा न अडखळता वाच.