विचाराधीन बस

८ जून १९६९, रविवार

लामत्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमल्याची ऑर्डर आली. एक जुलैला हजर व्हायचं. बाबांनी त्यांच्या गँगमधल्या सगळ्यांना जिलबी वाटली. बाबा रेल्वेत गँगमन. जन्मभर रुळाखालची खडी ठोकली, पण हे रूळ पुढे जातात कुठे, असा प्रश्न त्यांना कधी पडल्याचं ऐकलं नाही. आई बिडीची पानं कापता कापता रडली. म्हणाली, "मास्तरीण झाली माही पोरगी!" घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि यांची स्वप्नं लामत्याच्या स्टेशनवर उतरतात.

माझा विचार वेगळा आहे. पण ज्यांना कळणार नाही त्यांना सांगायचं नाही, असं पक्कं ठरवलं.

९ जून, सोमवार

सांगितलं.

योजना अशी. एक जुनी बस विकत घ्यायची. आतली बाकं काढायची. खाट, स्टोव्ह, पुस्तकांचं कपाट, खिडक्यांना पडदे. तिच्यातच राहायचं आणि गावोगाव जाऊन बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं. नागपूरला कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात असा फोटो पाहिला होता. खिडकीत फुलांची कुंडी होती. शाळेतली नोकरी म्हणजे एका गावाला खुंटीसारखं चिकटणं. मला अख्खा जिल्हा हवा.

बाबा म्हणाले, "बाई, रूळ सोडला का गाडी पडते." बसला रूळ नसतात हे मी त्यांना शांतपणे समजावलं. आईने विचारलं, "तुह्यासंगं राह्यीन कोन?" मी म्हटलं, माझं ध्येय. ती म्हणाली, "त्याले सैपाक येते का?"

अशा घरात ग्रॅज्युएट होणं म्हणजे काय, हे कुणी लिहून ठेवलं पाहिजे.

११ जून, बुधवार

सुशिक्षित माणूस भावनेच्या भरात काही विकत घेत नाही. आधी रिस्क तपासतो. एकेक रिस्क घेऊन तिचा निकाल लावत जाणार आहे. किमतीचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला. आधी तत्त्व. शिवाय बाबा ऑक्टोबरात रिटायर होतात. रेल्वे त्यांना जे काही देईल ते घराच्या छपराला लावायचं म्हणतात. छप्पर! दुसरं सुचणार काय?

किरनापूरच्या चैतराम सेठकडे एक जुनी बस पडून आहे असं कळलं. पूर्वी लांजी लाइनवर चालायची.

१४ जून, शनिवार

किरनापूरला जाऊन बस पाहिली. सोबत माझी मैत्रीण सत्यभामा. मूळची लामत्याची, इथे मामाकडे राहून शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं. नुसती मॅट्रिक आहे, पण ऐकते चांगलं. शेजारच्या मैनाबाईंनी आपला मुलगा प्रेमलालही सोबत दिला. "दोन पोरी एकल्या कुठी जासीन वं?" प्रेमलाल पी.डब्ल्यू.डी.त कारकून आहे. केसांना तेल फार. गेल्या वर्षी आईने त्याचं नाव माझ्यासाठी काढलं होतं. मी लगेच नकार दिला, मनात. तेव्हापासून बिचारा आशेवर आहे.

बस भक्कम वाटली. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती, पण ते काही कायमचं नाही. प्रेमलाल सांगितलं नसताना बसखाली शिरला आणि तोंड काळं करून बाहेर आला. म्हणाला, "खालचा पत्रा सडला आहे, बाई." मी अशा गोष्टींनी प्रभावित होत नाही. सत्यभामाने त्याला तोंड पुसायला स्वतःचा रुमाल दिला. त्याने तो घडी करून खिशात घातला आणि परत केलाच नाही. मॅनर्स शून्य.

चैतराम सेठ म्हणाले, "घेऊन जा ना बाई. दारात ठेवा, चढा, उतरा, पाह्या. पटली तं बोलू. माह्या आवारात नव्या गाडीले जागाच नाही राह्यली." बी.ए. झालेल्या बाईबद्दल आदर असा कृतीतून दिसतो.

१९ जून, गुरुवार

बस दारात आली! सेठच्या ड्रायव्हरने आणून लावली. आमचं आणि मैनाबाईंचं दार दोन्ही झाकून गेलं. अर्धा वॉर्ड गोळा झाला. बायका आत चढल्या, बाकांवर बसून पाहिलं. एकीने विचारलं, "मानसं किती बसतीन?" दुसरी म्हणाली, "तारीख कोनती धरली?" मी म्हटलं, तारीख लवकरच जाहीर होईल. त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. अक्षर न ओळखणाऱ्या बायकांमध्ये शिक्षणाची एवढी भूक असेल असं वाटलं नव्हतं.

मैनाबाई मात्र कुरकुरल्या. "सूर्य दिसेना बाप्पा घरात."

सूर्य! मी ज्ञान आणते आहे आणि यांना सूर्य हवा.

२३ जून, सोमवार

रिस्क, पुढे चालू. वाघ. बैहरकडे आहेत, पण बॉडी पत्र्याची आहे. निकाल: चालेल. साप. दार बंद ठेवायचं. चोर. आत पुस्तकांशिवाय काही असणार नाही, आणि पुस्तकं चोरण्याइतकी या जिल्ह्याची प्रगती झालेली नाही. पाऊस. छत मागच्या बाजूला गळतं, म्हणून खाट पुढे ठेवायची. ड्रायव्हिंग मला येत नाही, पण सेठचा ड्रायव्हर चौथी नापास आहे आणि त्याला येतं. म्हणजे अवघड नसणार.

सत्यभामाने विचारलं, "आंघोळ कुठी करायची? अन् ते... सकाळचं?" मी तिला खरं तर असिस्टंट म्हणून घेणार होते. एवढ्या मोठ्या कार्यासमोर हिला संडास सुचतो. प्रेमलाल पडद्यांची मापं घ्यायला टेप घेऊन आला होता. टेपचं एक टोक सत्यभामाने धरलं, एक त्याने. एका खिडकीला इतका वेळ लागला की मी कंटाळून घरात गेले. मला पाहण्यासाठी बिचारा काय काय निमित्तं काढतो.

२८ जून, शनिवार

सत्यभामा चाचरत आली. म्हणाली, "ललिता, लामत्याची जागा तुले खरंच नाही पाह्यजे? यादीत तुह्या मागे माहंच नाव आहे. पन तू हजर होनार असशीन तं मी काही बोलनार नाही." मी म्हटलं, घे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लहान माणसांना लहान गोष्टी पुरतात. प्रेमलाल तिथेच होता. म्हणाला, "लय मोठं मन आहे बाईचं." त्याचा आवाज कापत होता. मला दया आली, पण आशा दाखवणं बरं नव्हे. मी तोंड फिरवलं.

१ जुलै, मंगळवार

पहाटे बाबा धुतलेला सदरा घालून, माझी पेटी हातात घेऊन दारात उभे. लामत्याची गाडी गाठायची म्हणून. जागा सत्यभामाला दिल्याचं मी घरी बोलले नव्हते. मी सांगितलं, बस अजून विचाराधीन आहे. त्यांनी बसकडे पाहिलं. मग पेटी आत ठेवली, सदरा बदलला आणि ड्यूटीवर गेले. मतभेद मांडायला भाषा लागते. ती नसली की माणूस गप्प बसतो.

आईने आज बिड्या वळल्या नाहीत. कमरेला बरं नाही म्हणाली.

८ जुलै, मंगळवार

भयंकर प्रकार.

बाबा जेवताना म्हणाले, "गँगवाले विचारून राह्यले बाई, पोरगी कोनाले देली? लग्नाची गाडी दारात लागली अन् आमाले पत्ता नाही, म्हनते." मी म्हटलं, कसलं लग्न? आई म्हणाली, "लग्नाच्या पोरीच्या दारात बस लागली तं लोक काय म्हनतीन वं? आपल्या इकडं बस एकाच कामाले येते." म्हणजे त्या बायका तारीख विचारत होत्या ती ही!

एवढ्या रिस्क तपासल्या, आणि हे अडाणीपण हिशेबात धरलंच नाही. ते धरायचं म्हटलं तर कागद पुरणार नाही.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं. मैनाबाई बस आतून पुसत होत्या. प्रेमलाल बाकं मोजत होता. बसच्या दाराला निळ्या कागदाच्या पताका लागल्या होत्या. आता सगळं उलगडलं. हा कट आहे. मला न विचारता तारीख काढली असणार. आपण बौद्ध, आपल्यात मुहूर्त पाहायचा नसतो, भर पावसातही लग्न लावता येतं. एवढी पुरोगामी सोय, आणि हे लोक ती कशासाठी वापरतात पाहा.

१० जुलै, गुरुवार

भाषण तयार केलं. "प्रेमलाल, तुमच्या भावना मी जाणते. पण स्त्री ही वस्तू नाही." पुढे शिक्षण, समता आणि कार्याला वाहिलेलं आयुष्य. शेवट थोडा मृदू ठेवला आहे. त्याला जन्मभर जखम राहू नये. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "कोनाशी बोलून राह्यली?" मी म्हटलं, इतिहासाशी.

१३ जुलै, रविवार. सकाळ

आला. पांढरा शर्ट. सोबत मैनाबाई, हातात रुमालाने झाकलेली ताटली. आईने बसायला दिलं. बाबा कोपऱ्यात. प्रेमलालने घसा साफ केला आणि म्हणाला, "ललिताबाई, एक मांगनं आहे." मी हात वर करून त्याला थांबवलं आणि भाषण केलं. पूर्ण. शेवटचा मृदू भागही.

प्रेमलालचे कान लाल. मग तो म्हणाला, "हौ बाई. बरोबर आहे तुमचं. मी तं बस मांगाले आलतो."

मैनाबाईंनी ताटलीवरचा रुमाल काढला. पेढे होते. म्हणाल्या, "सत्यभामेचं अन् याचं जमलं वं. सत्ताईस तारीख. वरात लामत्याले न्यायची, बैलगाड्या चिखलात फसतीन. गाडी तं तुह्याच दारात आहे, म्हनून मी पुसूनबी ठेवली."

आई हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण हसलीच. बाबा म्हणाले, "बस विचाराधीन आहे. पन लग्नाले देऊ." हा शब्द ते माझ्याकडूनच शिकले.

त्याच दिवशी, संध्याकाळ

तेलकट केस. कारकून. मॅट्रिकच शोभते त्याला. तिच्याविषयी मला काहीही वाटत नाही.

किरनापूरला त्याने खिशात घातला तो रुमाल तिचा होता. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

२२ जुलै, मंगळवार

माणूस चंद्रावर उतरला. रेडिओवर सांगितलं. आमच्या वॉर्डात कालपासून एकच चर्चा: वरातीत पुढच्या बाकावर कोण बसणार. मी मैनाबाईंना चंद्राबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग तिकडं गेले ते जेवाले कधी येतीन?"

लग्नाला जायचं नाही असं ठरवलं.

२७ जुलै, रविवार

लग्नाला गेले. बस माझ्या विचाराधीन असताना माझ्याशिवाय जाणं योग्य दिसलं नसतं. मला मागचं बाक मिळालं, जिथे छत गळतं. बसमध्ये छत्री उघडून बसले. पुढे बायका गाणी म्हणत होत्या. समनापूरच्या पुढे बस बंद पडली. सगळे पुरुष उतरून ढकलू लागले आणि मग म्हणाले, बायकांनीही उतरा, वजन कमी होईल. चिखलात उतरले. पत्रा खरंच सडला आहे. उतरताना एका ठिकाणी पाय आत गेला, चप्पल खाली रस्त्यावर पडली, ती बाबांनी आणून दिली.

सत्यभामा पांढऱ्या साडीत चांगली दिसत होती. त्रिशरण, पंचशील, हार, आणि पंधरा मिनिटांत लग्न लागलं. जेवताना ती जवळ आली. म्हणाली, "ललिता, मी थोडे दिवस रजेवर आहे. शाळेची बडी बाई विचारून राह्यली, पाचवीच्या वर्गावर कोनी शिकलेलं भेटीन का. पुढच्या सोमवारपर्यंतच." मी म्हटलं, विचार करून सांगते.

परत आलो तर दारात चैतराम सेठ उभे. वरात घेऊन गेली आणि परत आली, म्हणजे गाडीत दम आहे, म्हणाले. आणखी दोन लग्नांना गाडी भाड्याने द्यायचं बोलणंही झालं आहे. "बाई, तुम्ही होत्या म्हनून कळलं." ड्रायव्हर बसला आणि बस गेली. मैनाबाईंच्या घरात संध्याकाळचं ऊन आलं.

बाबांना वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते. फार वेळ बसमध्ये बसलं की डोळे चुरचुरतात.

३० जुलै, बुधवार. लामता

सकाळच्या गाडीने आले. घरी फक्त आईला सांगितलं. बाबांना सांगायचं राहिलं, ते आधीच ड्यूटीवर गेले होते. चारेगावच्या पुढे रुळाचं काम चाललं होतं, गाडी हळू झाली. बाजूला गँग उभी होती. बाबा हिरवा झेंडा धरून उभे होते. ते इंजिनकडे पाहत होते. मी हाक मारणार होते, पण तोवर डबा पुढे गेला.

वर्गात पाचवीच्या मुली. मी उभी राहून स्त्रीशिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. सगळ्या शांत ऐकत होत्या. वाटलं, पोचतं आहे. मग दुसऱ्या रांगेतल्या एकीने हात वर केला.

"बाई, आमच्या बाई कधी येतीन?"

मी म्हटलं, सोमवारी.

सगळा वर्ग खुश झाला. मग मी हजेरी घेतली.