चहानंतरचं पत्र

जठारपेठ, अकोला
दि. ८ जानेवारी १९५८

चि. चारुशीला हीस अ. उ. आ.

या पत्राचं उत्तर घरी पाठवू नकोस, हे आधीच सांगून ठेवतो. तुझं पत्र आलं की चहानंतर ओसरीत बसून मी ते मोठ्यानं वाचायचं आणि तुझ्या वहिनीनं भाजी निवडत ऐकायचं, हा आपल्या घरचा शिरस्ता तुला ठाऊक आहे. म्हणून उत्तर कोर्टातल्या बाररूमच्या पत्त्यावर यावं.

सरोजिनीच्या छातीत डाव्या बाजूला गाठ आहे. इथल्या डॉक्टरांनी तपासलं, तिला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावून सांगितलं, की हा कॅन्सर दिसतो. नागपूरला नेऊन तो भाग काढून टाकावा लागेल, आणि लवकर. बायकांना असलं काही सांगू नये, त्या हाय खातात, असंही ते म्हणाले. मी तिला दुधाची जुनी गाठ आहे, एवढंच सांगितलं आहे. मामांना भेटायच्या निमित्तानं नागपूरला न्यावं, तिथे गुंगी दिल्यावर डॉक्टर आपलं काम करतील, असा विचार आहे. सही नवऱ्याचीच लागते. ती मी करीन.

कोर्टात मी एवढा बोलतो, पण तिच्यासमोर तोंड उघडत नाही. वरूडहून संत्र्यांची टोपली मागवली आहे, त्यांच्या फोडी सोलून तिच्यापुढे ठेवतो. दुसरं काय करू? तू तिची लाडकी. ये आणि तिला नागपूरला जायला राजी कर. खरं कारण मात्र तिला कळता कामा नये.

माझे आशीर्वाद तुला आहेतच. या वेळी तुझा आधार मला असू दे.

तुझा,
दादा


जठारपेठ, अकोला
दि. १० जानेवारी १९५८

चि. चारूस वहिनीचे अ. आ.

वन्सं, उत्तर शेजारच्या माणिकबाईंच्या पत्त्यावर पाठव. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे काळजी नाही.

मला कॅन्सर झाला आहे. तुझे दादा म्हणतात, दुधाची जुनी गाठ. अगं, अनुपमा वीस वर्षांची झाली, आता तीच आई होणार! वीस वर्षं दूध साठवायला मी काय डेअरी आहे? वरूडच्या माझ्या मावशीला अशीच गाठ होती. तिनं ती पदराआड झाकून ठेवली आणि गेली. शिवाय ज्या माणसानं जन्मात स्वतःचा आंबा कापून घेतला नाही, तो मला संत्री सोलून देतो. मी समजायचं ते समजले.

पण मला कळलं आहे, हे ह्यांना कळू देऊ नकोस. माझ्यापासून लपवायच्या उद्योगावरच ते सध्या उभे आहेत, तो काढून घेतला तर कोसळतील. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं काय झालं, ते आपण दोघींनी पाहिलं आहे. चैत्रात अनुपमा बाळंतपणाला येते आहे. तिला सासू नाही, पहिलीच खेप. तिचं न्हाणं-माखणं माझ्या हातून होऊ दे, मग नागपूर काय आणि मुंबई काय. तोवर तू ह्यांना काहीतरी सांगून थोपव.

भीती वाटते गं चारू. घरात कुणी नसलं की हात तिथंच जातो. तुला नाही सांगायचं तर कुणाला?

माया आहे ती तशीच ठेव.

तुझी,
वहिनी


अमरावती
दि. १३ जानेवारी १९५८

ती. दादा व सौ. वहिनी यांस शि. सा. न. वि. वि.

दादा, चहा झाला असेल. ओसरीत बस आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाच. वहिनी, भाजी बाजूला ठेव. संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या डब्यातून पाठवला आहे, पण गोड बोलायची आज माझी इच्छा नाही.

दादा, वहिनीला कॅन्सर आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तुझी संत्री फार बोलकी निघाली. एकाच आठवड्यात तुम्ही दोघांनी एकमेकांपासून लपवायची गळ मला घातलीत. मी दोघांचंही ऐकत नाही. पाप लागलं तर लागो.

थांबू नकोस दादा, पुढे वाच. गुंगीतून उठल्यावर तिनं चाचपून पाहायचं, आणि मग तिला कळायचं? अशिलाला न विचारता त्याचं शेत विकलंस, तर कोर्ट तुला काय म्हणेल? आणि हे तर शेतही नाही.

वहिनी, तू हसू नकोस. मावशीनं पदराआड झाकली, तू बाळंतिणीच्या खोलीआड झाकणार. अनुपमाला तुझ्या हातचं न्हाणं मिळालं नाही तरी चालेल, तिला आई पाहिजे. बाळंतपण मी करीन. मला येत नाही, पण वेणी घालायला तरी कुठे येत होती? तूच शिकवलीस ना? आई गेली तेव्हा मी तुझ्या कुशीत झोपत असे. एकदा आई गेली माझी. दुसऱ्यांदा मी जाऊ देणार नाही.

आता काय करायचं, ते वहिनीनं ठरवावं. पण दादा, तिला सगळं सांगून मग विचार.

माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा, फक्त दोघं मिळून रागवा.

तुमची,
चारू


अकोला
दि. २ फेब्रुवारी १९५८

चि. चारूस अ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवसाचं आधी सांगते. तुझे दादा वाचता वाचता मधेच थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, चारूचं अक्षर अलीकडे फार बिघडलं आहे. तुझं अक्षर, जे शाळेत पोरींना गिरवायला देतात! मी मेथी खाली ठेवली, पत्र ह्यांच्या हातातून घेतलं आणि उरलेलं मीच मोठ्यानं वाचलं. या घरात चहानंतरचं पत्र मी वाचल्याची ही पहिलीच वेळ. मी शेवटाशी आले तोवर हे लहान मुलासारखे रडत होते. मग मीही रडून घेतलं. मेथी तशीच पडली, रात्री पिठल्यावर भागवलं.

नागपूरला गेलो, पण मामांचं निमित्त काढलं नाही. तिथले डॉक्टर माझ्याकडे पाठ करून ह्यांनाच समजावू लागले. तेव्हा तुझे दादा म्हणाले, की गाठ हिची आहे, हिलाच सांगा. चारू, ह्यांनी मला लग्नात पैठणी घेतली होती, पण या वाक्याची सर तिला नाही. मग डॉक्टरांनी खुर्ची वळवली आणि काय काढणार, हात कसा जड होईल, नंतर मुंबईला किरणांचा शेक का घ्यायचा, सगळं सांगितलं. मी विचारलं, की एवढं केल्यावर गाठ परत येणार नाही ना? ते म्हणाले, तसा शब्द देता येत नाही. खोटं बोलले नाहीत, म्हणून मी होकार दिला. सही ह्यांचीच लागली, कागदावर दुसऱ्या कुणासाठी जागाच नव्हती. पण करण्याआधी ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवल्यावरच पेन टेकवलं.

येत्या आठवड्यात ऑपरेशन. पुढच्या मुंबईमुळे अनुपमाचं बाळंतपण माझ्या हातून गेलं, त्याचं मात्र फार वाईट वाटतं. डिंकाचे लाडू करताना पाक फार पुढे जाऊ देऊ नकोस, नाहीतर जावई ते पेपरवेट म्हणून वापरतील.

भेटीची आस धरून आहे.

तुझी,
वहिनी


अकोला
दि. १७ ऑगस्ट १९५८

चि. चारूस अ. आ.

तू अमरावतीला गेल्यापासून बाळ दाराकडे बघत बसतो. बाळंतपण तू झकास केलंस, फक्त लाडवांबद्दल मी काही बोलणार नाही.

तुला वाटत असेल, वहिनी मुंबईहून आली, आता सगळं पहिल्यासारखं. तसं नाही गं. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी ह्यांना धरायला सांगते. पोलक्याची एक बाजू रिकामी लोंबते. आत कापूस भरून पाहिला. आपल्या अकोल्याच्या कापसाचा एवढा डंका, पण तो जागेवर काही बसेना. माणिकबाईंकडे हळदीकुंकवाला गेले, तर वाण घेताना कापसाचा गोळा चढून पार गळ्याशी आला. बायका खाली बघू लागल्या. घरी येऊन दार लावून घेतलं आणि आता कुठेच जायचं नाही असं ठरवलं. बाळालाही डाव्या अंगाला घेत नव्हते.

परवा त्याच्या डोक्याखालची मोहरीची उशी धुवायला काढली. हातात घेतली, तर कशी भरीव, अंगासरशी बसणारी, जड! उरलेली मोहरी चाळली आणि त्याच कापडाची गोल पिशवी शिवून पोलक्यात बसवली. चारू, ती हलत नाही. काल बाळाला डावीकडे घेतलं. त्यानं आपली उशी ओळखली की काय कोण जाणे, डोकं टेकून गाढ झोपला. मी दुपारभर जागची उठले नाही.

तुझ्या मायेवर जगते आहे, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी


अकोला
दि. २४ नोव्हेंबर १९६३

चि. चारूस अ. आ.

बातमी पहिल्यांदा. नागपूरहून इस्पितळाचं जोडकार्ड आलं, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं. जुन्या पेशंटांचं पुढे काय झालं, याचं तिथे शोधकाम चालू आहे म्हणे. कार्ड तुझ्या दादांच्या नावावर. रुग्ण हयात आहे काय? असल्यास घरकाम करू शकते काय? बस्, इतकंच.

नेमकी त्याच दिवशी पार्बताबाई आली होती. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर होती, ती चांदूर रेल्वेची. मोहरीच्या पिशवीची कीर्ती ऐकून आली. तिला पिशवी शिवून दिली, तर ती घट्ट धरून बसली आणि म्हणाली, की मले त कोनी इचारलंच नाही, बाई; झोपवलं, अन् उठली तवा समजलं. पाच वर्षं झाली, पण कालचं असावं तसं सांगत होती. तुझे दादा तिथेच बसले होते. ते उठून आत गेले, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले.

चहानंतर त्यांनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं, दौत आणली आणि म्हणाले, की तुझं पत्र आहे, तू लिही. मी लिहिलं: हयात आहे. हे उत्तर तीच लिहीत आहे. घरकाम करते, नातवाशी भांडते. मग ज्या गोष्टी त्यांनी विचारल्याच नव्हत्या, त्या समासात भरल्या: हाताचा व्यायाम आधी शिकवा, मोहरीची पिशवी द्या, आणि बाईला सांगितल्याशिवाय तिला झोपवू नका. अक्षर इतकं बारीक काढलं, की तुझ्या शाळेत पहिला नंबर आला असता.

अगदी खाली कुटुंबप्रमुखाच्या सहीची जागा होती. मी पेन ह्यांच्यापुढे केलं. ह्यांनी ते परत माझ्या हातात दिलं.

कार्डावर लोभाला जागा उरली नाही. तो सगळा इथे तुझ्याकडे पाठवते.

तुझी,
सरोजिनी