गिल्बर्ट आतोबांचा नादकाटा

तीर्थस्वरूप हेस्टरआत्या,

बार्नबीचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघे कालपासून असे लटपटताहेत की त्यातला निम्मा मी न ठरवताच घालून झाला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? तुझं ते चावरं बदक अजून पोस्टमनच्या मागे लागतं का? लागत असेल तर माझं हे पत्र आणणाऱ्याची माझ्या वतीने माफी माग.

तुझं पत्र आमच्या कॉलेजच्या गाणाऱ्या मंडळींच्या दौऱ्यावर माझा पाठलाग करत करत अखेर इथे हॅल्डनबरोला पोचलं. आतोबा गेल्यापासून गावच्या चर्चमधलं गाणं आणि ऑर्गन यांचं जुळेनासं झालंय, नवी ऑर्गनवाली मिस प्रिंगल दर रविवारी नेमकी तुझ्याकडे बघून सुस्कारा सोडते, म्हणून तू गाणाऱ्यांच्या पुढच्या रांगेतली तुझी जागा सोडलीस आणि पांढरा झगा धुऊन, इस्त्री करून परत देऊन आलीस, हे वाचून जीव गलबलला. आतोबांच्या वेळी आख्ख्या जिल्ह्यात शेवटपर्यंत ऑर्गनशी जुळून राहणारं गाणं म्हणजे तुमचंच, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या प्रिंगलबाईला काय कळतंय! पण तिच्याकडे नंतर येतो. आधी माझी कर्मकहाणी ऐक.

मी भित्रा आहे हे तुला सांगायला नको. बाप्तिस्म्याच्या वेळी डोक्यावर पाणी पडायच्या आधीच मी भोकाड पसरलं होतं, हे तूच जमलेल्या प्रत्येकाला सांगतेस. (माझ्या एकविसाव्या वाढदिवसालाही सांगितलंस.) तर अशा माणसाला दौऱ्यावर कुणाच्या घरी उतरवावं? मिसेस ऑक्रॉइड यांच्या. बाई मायाळू आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्याकडे वासराएवढा एक कुत्रा आहे आणि तो न्हाणीघराच्या दाराशी बसतो. भुंकत नाही, हलत नाही, नुसता बघतो. आल्या दिवसापासून मी तोंड स्वयंपाकघरात धुतोय. सकाळी ताटात धुरावलेला मासा येतो, डोक्यासकट, आणि तोही बघतो. बाई म्हणतात, "खा रे पोरा, गाणाऱ्याला ताकद लागते." मी खातो, कारण नाही म्हणायची मला भीती वाटते.

पण कुत्रा आणि मासा हे काहीच नव्हे. खरी भीती आमच्या कॉलेजच्या त्या जुन्या रीतीची. तुला ती माहीत आहे, तरी सांगतो, सांगितल्याशिवाय माझी छाती मोकळी व्हायची नाही. आमचे संस्थापक बिशप साडेपाचशे वर्षांपूर्वी मरताना सांगून गेले की पश्चात्तापाचं स्तोत्र चर्चच्या पश्चिम दारापासून सुरू व्हावं, दिवे मालवलेले असावेत, आणि पहिली ओळ एकाच माणसाने, कुठल्याही वाद्याच्या आधाराशिवाय म्हणावी. माणूस देवापुढे एकटाच उभा असतो, असं त्यांचं म्हणणं. (स्वतः बिशपना कधी गावं लागलं नाही. असं काही सुचतं ते न गाणाऱ्यांनाच.) त्या एकट्याने नादकाटा गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा, त्यातून सूर घ्यायचा आणि अंधारात सोडून द्यायचा. मग बाकीचे त्या सुरात शिरतात, हातात मेणबत्त्या घेऊन हळूहळू वेदीपर्यंत चालत जातात, आणि शेवटच्या कडव्याला तिथे ऑर्गन येऊन मिळतो. म्हणजे मिळायला हवा. आम्ही दारापासून वेदीपर्यंत जाईतो अर्धा सूर खाली घसरलेले असतो. गारठा असतो, पाय दुखत असतात, कुणीतरी मेणबत्तीचं मेण बोटावर पाडून घेतो आणि सूर उतरतो. ऑर्गन बिचारा लाकडाचा आणि कथलाचा, तो काही खाली उतरून भेटायला येत नाही. मग जे होतं ते ऐकताना दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं. आमचे गुरुजी डॉ. ट्रेगार्थ यांचे केस याच एका कडव्याने पिकले. हा त्यांचा शेवटचा दौरा. "एकदा, फक्त एकदा ऑर्गनला जाऊन भेटा रे," एवढंच मागणं म्हातारा बसमध्ये घोकत होता.

पहिली ओळ नेहमी क्रिस्पिन म्हणतो. त्याला कशाचीच भीती वाटत नाही, आणि म्हणूनच त्याने काल बंदरावरच्या गाडीवरचे शिंपले खाल्ले. दुपारपर्यंत तो हिरवा पडला. डॉ. ट्रेगार्थनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. (माझ्या बुटांना नाडी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.)

"बार्नबी, तू."

"सर, मला भीती वाटते."

"उत्तम. भ्यालेला माणूस निदान जागा तरी असतो."

क्रिस्पिनने अंथरुणातून कॉलेजचा नादकाटा माझ्या हातात दिला, तोही मरणाऱ्याने अंगठी द्यावी तसा. मी तो झग्याच्या खिशात टाकला. त्याच खिशात, आत्या, निघताना तू मोज्यात गुंडाळून दिलेला गिल्बर्ट आतोबांचा नादकाटाही होता. "भीती वाटली की हा धर," म्हणाली होतीस ना? मी दौराभर तो धरूनच हिंडतोय.

संध्याकाळी दिवे गेले. चर्च गच्च भरलेलं, आणि इतकं गप्प की कुणाच्या तरी पोटातला गुरगुराट मला दारापर्यंत ऐकू आला. (माझ्याच पोटातला असावा.) मी खिशात हात घातला, काटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि गायलो. आवाज फाटला नाही! देवाची शपथ, सरळ, स्वच्छ निघाला. क्षणभर मला माझाच अभिमान वाटला. मग काटा खिशात ठेवायला गेलो आणि बोटांना तिथे कॉलेजच्या काट्याची रेशमी फीत लागली. म्हणजे आत होता तो कॉलेजचा, आणि माझ्या हातात होता तो आतोबांचा.

तरी म्हटलं काय बिघडलं, काटा तो काटा. पण माझ्या मागची फिनोला (उंच सूर सगळे तिच्याच वाट्याचे) कानात फणकारली, "मेल्या, किती वर धरलायस! वरची पट्टी काय तुझा बाप गाणार आहे?" तेव्हा मला कळलं. मी सगळ्यांना वर चढवून ठेवलं होतं, आणि आता उतरायला शिडी नव्हती. त्या अंधारात चालताना मी काय काय बघितलं म्हणून सांगू! डॉ. ट्रेगार्थ छातीवर हात ठेवून कोसळताहेत, कॉलेजातून माझं नाव खोडताहेत, बाबा फोन ठेवून देताहेत. इकडे गारठा आपलं काम करत होता, पायही दुखत होते आणि कुणीतरी बोटावर मेण सांडून घेतलं. सूर उतरू लागला. वेदी आली. आमच्या ऑर्गनवाल्या रूपर्टने ऑर्गनवर हात ठेवले. मी डोळे मिटले.

आणि ऑर्गन आमच्यात मिसळला, आत्या. दुधात साखर मिसळावी तसा. दारात आम्ही जेवढे वर होतो, नेमके तेवढेच घसरून त्याच्यापाशी येऊन पोचलो होतो. डॉ. ट्रेगार्थचे हात हवेतच राहिले. म्हातारा लहान मुलासारखा रडत होता.

संकट मिटलं असं तुला वाटेल. छे! आता रविवारी कॅथीड्रलमध्ये हेच पुन्हा, बिशप आणि रेडिओवाल्यांच्या देखत, आणि गुरुजींनी सगळ्यांपुढे जाहीर केलंय की म्हणणार बार्नबीच. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला मिठीच मारली. त्या मिठीत काही सांगता येईना. हे पत्र मी नाश्त्याच्या टेबलावर लिहितोय. समोर मासा आहे, टेबलाखाली कुत्रा आहे, आणि त्याने आत्ताच माझ्या पायावर डोकं ठेवलंय. मी पाय हलवत नाही.

घरी बदकासह सर्वांना यथायोग्य सांगावं.

तुझा भेदरलेला,
बार्नबी

ता. क. लिहायचं होतं ते राहूनच गेलं. आतोबांचा काटा दौरा संपला की परत देईन असं मी कबूल केलं होतं. तो रविवारपर्यंत, किंवा खरं सांगायचं तर कायमचाच, माझ्याकडे राहू दे ना. त्याच्याशिवाय मी त्या दारात उभा राहू शकत नाही. एवढ्याचसाठी हे सगळं लिहिलं.

ता. क. पुन्हा. पाकीट बंद करणार तेवढ्यात रूपर्ट आला. त्याने दोन्ही काटे वाजवून बघितले आणि आतोबांचा खिडकीशी नेऊन न्याहाळला. दोन्ही टोकं कानशीने घासलेली आहेत, आत्या. अगदी सावकाश, बेताबेताने घासलेली. टोक घासलं की सूर चढतो, असं तो म्हणाला. "ज्याने घासलाय ना, त्याला कुणातरी एकाचा सूर किती उतरतो ते बरोब्बर ठाऊक होतं." तेव्हा मला आठवलं, तुमच्याकडेही स्तोत्र आधी नुसतं गाऊन शेवटी ऑर्गन यायचा. आतोबा ऑर्गनपाशीच बसलेले असायचे, तरी पहिला सूर खिशातून हा काटा काढूनच द्यायचे. मला लहानपणी त्याचं नवल वाटायचं.

ता. क. शेवटचं. पुढचं वाक्य लिहायची मला कुत्र्यापेक्षा आणि पश्चिम दारापेक्षा जास्त भीती वाटतेय, म्हणून डोळे मिटून लिहितो. आत्या, तुझा सूर उतरतो. पुढच्या रांगेतून तू सगळ्यांना घेऊन उतरतेस. आतोबांना हे लग्नाच्या आधीपासून माहीत असणार. त्यांनी तुला मागच्या रांगेत बसवलं नाही, कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बागेतल्या खोपटात कानस घेऊन बसले. तू ऑर्गनपाशी पोचशील तेव्हा तो तुझी वाट बघत असावा, एवढंच त्यांनी बघितलं.

पाकीट जड लागतंय ना? मोज्यात आहे. उद्याच मिस प्रिंगलकडे नेऊन दे आणि सांग, पहिला सूर यावरूनच द्यायचा, कारण विचारायचं नाही. रविवारी माझ्याकडे कॉलेजचा बरोबर काटा असेल आणि माझं जे व्हायचं ते होईल. तू झगा परत माग.