जावयाचं गुऱ्हाळ

दुखान, कतार
३ फेब्रुवारी २०२३

चि. जावईबापू देवव्रत यांस,
अ. उ. आ.

इकडील सर्व क्षेम. तिकडचं नुपूरच्या फोटोंवरून कळतं. त्या फोटोंत तुम्ही कमरेपर्यंत बर्फात उभे दिसता. याला क्षेम म्हणतात का, ते तुम्हीच ठरवा.

पत्र लिहितोय कारण लेकीचा हुकूम. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही टोरोंटोतली पंपाच्या कंपनीतली नोकरी सोडून मेपलच्या झाडांचा पाक काढणार असं सांगितलंत. त्यावर मी जे बोललो ते शेजारच्या अश्फाकने भिंतीपलीकडून ऐकलं. तेव्हापासून झाडं हा विषय फोनवर बंद, काय ते दोघांनी लिहून बोलायचं, असा नुपूरचा निकाल आहे. म्हणून मी कागदावर लिहितो आणि तुमच्या सासूबाई फोटो काढून पाठवतात. कोपऱ्यात अंगठा दिसला तर तो त्यांचा.

आता मुद्दा. अहो, अख्खी हयात मी या दुखानच्या जमिनीत भोकं पाडली. भोकातून तेल निघालं तर त्याला धंदा म्हणतात. झाडाला भोक पाडून पाणी निघालं तर त्याला काय म्हणायचं? चाळीस बादल्या पाणी आटवायचं तेव्हा कुठे एक बादली पाक! आमच्या एखाद्या विहिरीने असला हिशेब दाखवला असता तर मी तिला बूच मारून घरी येऊन झोपलो असतो.

आपलं ठरलंय ते विसरू नका. अल सद्दमधल्या ऑफिसात तुमच्यासाठी शब्द टाकून ठेवलाय, एप्रिलअखेरपर्यंत जागा राखून आहे. हा एक हंगाम तुमचा. व्यापाऱ्याला कबूल केलेली बारा पिंपं भरलीत तर मी जन्मात झाडांबद्दल बोलणार नाही. नाही भरलीत तर यल्ला, बॅग भरायची आणि दोह्याला यायचं.

खरं सांगू? डिसेंबरात मी निवृत्त होतोय. तुम्ही दोघं दोह्यात आलात तर वर्षातले सहा महिने आम्ही तुमच्याकडे येऊन राहू. नाहीतर आम्ही नाशकात आणि नुपूर जगाच्या त्या टोकाला. एकुलती एक आहे हो ती.

लोभ आहे, तो तुमच्यावर. झाडांवर नाही. तो तसाच राहू द्यावा.

आपला,
मधुसूदन गर्गे

ता. क. अंगठा माझाच. ह्यांचं फार मनावर घेऊ नका. कानाला मफलर गुंडाळत जा. — सुहासिनी


लॅनार्क, ओंटारिओ
२७ फेब्रुवारी २०२३

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं, अंगठ्यासकट. नुपूरने ते मोठ्याने वाचून दाखवलं. विहिरीला बूच मारण्याचा भाग तिने दोनदा वाचला.

भोक पाडण्याबाबत आपल्याला काही शिकवावं अशी माझी प्राज्ञा नाही. तरी आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतो, आमचं भोक बोटभरसुद्धा खोल नसतं. त्यात एक तोटी हलकेच ठोकायची. तोटीला नळी, त्या नळीला मोठी नळी, अशा नळ्या झाडाझाडांतून उतारावरून खाली येतात आणि खालचा पंप रस ओढून टाकीत घेतो. रात्री पाणी गोठलं पाहिजे आणि दिवसा ऊन पडलं पाहिजे, तरच झाड रस सोडतं. ही थंडी-उन्हाची जोडी मार्चभर टिकते, फार तर एप्रिलच्या मध्यापर्यंत. एकदा झाडाला कोंब फुटले की पाकाला वास येतो आणि आमचं दुकान बंद.

खाली लाकडी शेड आहे. इथले लोक तिला काहीही म्हणोत, आम्ही गुऱ्हाळ म्हणतो. चुलाण आहे, काहील आहे, वाफेने चष्मा धुरकट होतो. फक्त ऊस नाही आणि रस मागायला येणारी पोरं नाहीत.

शब्द दिलाय तो लक्षात आहे. बारा पिंपं.

आई, मफलर गुंडाळला आहे. तो नुपूरने विणलाय, त्यामुळे मला दोनदा पुरतो.

आपले आशीर्वाद झाडांना नको असतील तर मला तरी द्यावेत.

आपला,
देवव्रत


लॅनार्क
१४ मार्च २०२३

ती. आई-बाबांस,
सा. न.

हे देवव्रतला न सांगता लिहितेय. रस येईनासा झालाय. पंप धडधडतोय, पण पंपाची ओढ दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्ध्यावर येऊन बसलाय. वरच्या नळ्यांत कुठेतरी हवा शिरतेय आणि कुठे ते सापडत नाही. शेकडो झाडं, मैलभर नळ्या आणि गुडघाभर बर्फ. देवव्रत दिवसभर चालतो, संध्याकाळी येऊन बूट न काढताच बसतो. आत्तापर्यंत निम्मी पिंपं तरी भरायला हवी होती. भरली आहेत तीन.

काल त्याने कपाटातून टाय काढला. आरशासमोर बांधून बघितला आणि परत सोडून ठेवला. मी भांडी घासत होते, मला एकदम रडूच आलं. बाबा, तुम्हाला आनंद होईल, ठाऊक आहे मला. झाला तर होऊ दे. फक्त फोनवर दाखवू नका.

तुमची,
नुपूर


दुखान
१५ मार्च २०२३

चि. जावईबापू यांस,
अ. उ. आ.

तुमचा काटा पडलाय असं कळलं. कोणी सांगितलं ते सांगू नका असं नुपूरने सांगितलंय, तेव्हा ते विचारू नका.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, चहा होईपर्यंत. मग डोक्यात लीक शिरलं. अहो, कुठेतरी लाईन लीक आहे आणि मी इथे खुर्चीत बसलोय, हे मला या जन्मात जमलेलं नाही! दुपारच्या मीटिंगमध्ये सगळे बजेटवर बोलत होते आणि मी कागदावर तुमच्या नळ्या काढत होतो.

आता ऐका. दुखानमध्ये जी गोष्ट शेंबडं पोरही करतं ती तुम्ही अजून केलेली दिसत नाही. भांड्यांचा साबण घ्या, पाण्यात चांगला फेसाळा आणि प्रत्येक जोडावर फवारा. जिथे फुगा येईल तिथे लीक. अख्ख्या नोकरीत या फुग्याने मला दगा दिलेला नाही. आजच करा.

आशीर्वाद आहेत. साबण लिंबाचा घ्या, त्याला फेस जास्त.

मधुसूदन


लॅनार्क
१९ मार्च २०२३

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या सल्ल्याप्रमाणे दोन दिवस सगळ्या जोडांवर साबण फवारला. फुगा एकही आला नाही. मला वाटलं, वा, जोड सगळे ठणठणीत! मग रस काहिलीत घेतला आणि चुलाण पेटवलं.

बाबा, फेस आला. सगळे फुगे तिथे आले. काहिलीतून उतू जाऊन तो चुलाणावर, तिथून जमिनीवर आणि तिथून नुपूरच्या मागे दारापर्यंत गेला. तुमच्या सल्ल्याने शेड इतकी स्वच्छ झाली की ज्याने ती आम्हाला भाड्याने दिलीय तो मालकही खूश होईल. वास लिंबाचा होता.

चूक माझीच म्हणायची. आपल्याकडे गॅस नळीतून बाहेर येतो, म्हणून फुगा धरतो. इथे पंप आत ओढतो, त्यामुळे फट होती तिथून साबण मुकाट्याने आत गेला. मी पंपवाला, मला हे कळायला हवं होतं. पण सासऱ्यांनी पहिल्यांदाच झाडांच्या बाजूने काही सांगितलं, त्या आनंदात डोकंच चाललं नाही.

दोन दिवसांचा रस ओतून दिला आणि नळ्या धुतल्या. अल सद्दच्या ऑफिसात टाय लागतो का, ते कळवावे.

कृपा आहेच, ती कोरडी असावी.

देवव्रत


दुखान
२० मार्च २०२३

चि. देवव्रत,
अ. आ.

मी गाढव आहे. हे वाक्य नीट वाचता यावं म्हणून तुमच्या सासूबाईंनी या पानाचा फोटो जवळून काढलाय.

अश्फाकला सांगितलं तर तो पोट धरून बसला. मग म्हणाला की साहेब, जावयाला दोह्याला आणायला एवढं करायची गरज नव्हती. जावईबापू, मी तसं केलेलं नाही हो! तुम्हाला वाटलं असेल की म्हाताऱ्याने मुद्दाम केलं. आईशप्पथ, तसं नाही. मला तुम्ही हरायला हवे होतात, पण माझ्या साबणाने नव्हे.

टायची चौकशी बंद. मी सांगतो तसं करा. आता उलट्या बाजूने विचार केलाय. मोठ्या नळीला जिथे फाटे फुटतात तिथे प्रत्येक फाट्याला एकेक व्हॉल्व्ह असेल. सगळे बंद करा. काटा वर जाईल. मग एकेक उघडत जा आणि नुपूरला गेजसमोर उभी करा. ज्या फाट्याला काटा धपकन खाली येईल, लीक त्या फाट्यात. बाकीचे सोडून फक्त तोच चाला. नळी पारदर्शक असेल तर आत बुडबुडे धावताना दिसतील. ते जिथून सुरू होतात तिथे हात लावा. आणि साबण घरात ठेवा.

मधुसूदन

ता. क. हे काल जेवले नाहीत. पोळीचा तुकडा मोडून म्हणाले की उलटं असतं ते, सुहासिनी, तिथे सगळं उलटं असतं. लवकर कळवा. — सु.


लॅनार्क
१३ एप्रिल २०२३

ती. बाबांस व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही फोनवर फक्त लीक सापडलं एवढं सांगितलं होतं. सविस्तर आज लिहितोय, कारण आज चुलाण विझवलं.

चौथा व्हॉल्व्ह उघडला आणि काटा धपकन आला, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसा. बुडबुड्यांच्या मागे मागे वर गेलो. एका जुन्या झाडाच्या आडोशाला खारीने नळी दातांनी कुरतडून ठेवली होती. बाई शेजारच्या फांदीवर बसून मला शिव्या घालत होती. तुकडा कापला, नवा जोडला. खालून नुपूरची किंकाळी ऐकू आली, मला वाटलं पडली. काटा वर गेला होता. तिने गेजला हळदकुंकू लावलंय, ते अजून तसंच आहे.

त्यानंतर रस असा आला की आम्ही आळीपाळीने झोपलो. पण काल झाडांना लाल कोंब दिसले आणि हंगाम संपला.

बाबा, पिंपं साडेअकरा भरली. व्यापारी चालेल म्हणाला, पण आपलं बारा ठरलं होतं. शब्द तो शब्द. अल सद्दच्या ऑफिसला मी येतो म्हणून कळवावे. नुपूरशी बोललोय. ती गुऱ्हाळ झाडायला गेली.

अश्फाककाकांची लेक हिबा ईदच्या सुट्टीत टोरोंटोहून घरी येतेय, तिच्याबरोबर एक बाटली पाठवतोय. निदान चव तरी पाहावी.

आपला,
देवव्रत


दुखान
२८ एप्रिल २०२३

चि. देवव्रत व चि. सौ. नुपूर यांस,
अ. उ. आ.

हिबाने बाटली आणली. आज शुक्रवार, सुट्टी. शेजारी जन्नतभाभींनी घावन केले आणि अश्फाक ताट घेऊन आमच्याकडेच आला. सासूबाईंनी आधी देवापुढे वाटी ठेवली. मी आपला दूर पेपर वाचत बसलो होतो. म्हणजे पेपर धरून बसलो होतो.

मग घावनावर ओतलं. अश्फाक म्हणाला की ही आपली काकवीच, फक्त परदेशात शिकून आलेली. मी दुसरा घावन घेतला. तिसऱ्याला सासूबाईंनी बाटली उचलून कपाटात ठेवली. जावईबापू, त्याला लाकडाच्या धुराचा बारीक वास आहे आणि मागाहून जिभेवर काहीतरी राहतं. मी संध्याकाळपर्यंत पाणी प्यायलो नाही, ते जाऊ नये म्हणून.

आता पिंपांचं. दोन दिवसांचा रस कोणाच्या साबणाने गेला? तेच तुमचं अर्धं पिंप. ते माझं. तुमची बारा भरली. काल अल सद्दला फोन करून ती जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. खलास.

फोन ठेवल्यावर जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. डिसेंबरात नाशिकला जाऊ. घर मोठं आहे. एवढं मोठं कशाला बांधलं, कुणास ठाऊक.

असो. यंदा अधिक श्रावण आहे. अधिकात जावयाने मागावं आणि सासऱ्याने नाही म्हणू नये, अशी आमच्याकडे रीत. चांदीचा दिवा तर सासूबाईंनी घेऊनच ठेवलाय. आणखी काय हवं ते मागा.

लोभ आता थोडा झाडांवरही गेलाय. कमी पडला तर कळवा.

मधुसूदन


लॅनार्क
१९ जुलै २०२३

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल अधिक लागला, म्हणून आज हक्काने मागतो.

दिवा आईंनी ठेवून द्यावा, आम्ही येऊ तेव्हा घेऊ. मला वाणात तुम्ही हवे आहात. दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल, दोघंही. नळ्या बघायला माझ्याकडे माणूस नाही आणि खार अजून तिथेच आहे. नुपूरने वरची खोली रंगवायला घेतलीसुद्धा.

रीत तुम्हीच लिहून पाठवली आहे. अंगठ्याची साक्ष आहे.

वाट पाहणारा,
देवव्रत


दुखान
४ ऑगस्ट २०२३

चि. देवव्रत व चि. नुपूर,
अ. आ.

उत्तराला उशीर झाला. ह्यांनी चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून उठले. इथे वाळू असते, हे खरं. शेवटी मीच लिहितेय. फोटोही मीच काढणार, तेव्हा अंगठ्याला क्षमा असावी.

मागच्या शुक्रवारी ह्यांनी मला दोह्यात दुकानं फिरवली. बाहेर डांबर वितळत होतं आणि हे लोकरीचे पायमोजे मागत होते. एका दुकानदाराने ह्यांना आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं. शेवटी अल नस्रच्या एका दुकानात मागच्या खोलीतून जाड हातमोजे निघाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी हे एसी सोळावर लावतात, हातमोजे चढवतात आणि बागेच्या नळीचा तुकडा घेऊन जोड काढायचा-घालायचा सराव करतात. मी शाल घेऊन स्वयंपाकघरात बसते.

काल अश्फाकभाऊ आले, त्यांनी विचारलं की साहेब हे काय चाललंय. ह्यांनी ताठ बसून सांगितलं की नोकरी लागली आहे, जावयाकडे.

आम्ही येतोय. खोलीला पिवळा रंग द्या. माया आहे तेवढी सगळी बरोबर आणतेच आहे, सामानात वजन धरणार नाहीत.

तुमची,
आई

ता. क. तुमच्याकडे टाय लागतो का, ते कळवावे. — मधुसूदन