सलीमचा लाल लेझर
मंगळवार, संध्याकाळ

आज सलीमच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात गेलोच. रीळवाल्या कॅमेऱ्यांचं शटर तपासायचं मशीन त्यानं घरीच बनवलंय. एका बाजूला लाल लेझर, मधे कॅमेरा, पलीकडं मोबाइल. बटण दाबलं की शटर किती वेळ उघडं राहिलं ते मोबाइलवर दिसतं. गिऱ्हाइकं आकडा बघूनच खूश! मी आयुष्यभर कॅमेरा कानाला लावून, आवाजावरून शटर जुळवत आलो. आता कानाला लावला की लोक हसतात.

अन् लेझर तरी कसला? शहागंजच्या बाजारात पोरांना खेळायला मिळतो तो. मला का सुचला नाय? लई जळफळाट झाला. खोट काढायची म्हणूनच विचारलं, "तुझं मशीन बरोबर सांगतंय कशावरून?"

त्यानं कपाटातून त्याच्या अब्बांचा कॅमेरा काढला. मागं मीच दुरुस्त केलेला.

"चाचा, पैले इसपेच चेक किया मैं. आपके कान का है, गलत कैसा होता?"

खरंतर खूश व्हायला पाहिजे. पण घरी आल्यापासून तो लाल ठिपकाच डोळ्यांपुढं नाचतोय. आता त्या मशीनला खोटं म्हणावं, तर आधी माझाच कान खोटा ठरतो.