अप्पा, पडदा ओढलाय

प्रिय अप्पा,

‘तीर्थरूप’ लिहिणार होते. पण ते वाचलं की उगाच म्हातारं झाल्यासारखं वाटतं, असं तुम्हीच म्हणायचात. म्हणून प्रिय.

दीपगृहाच्या वरच्या खोलीत, तुमच्याच स्टुलावर बसून लिहितेय. आत्ताच दिवा बंद केला आणि भिंगाभोवतीचा पडदा ओढला. उद्या तुमचा तेरावा. उद्याच कोळ्यांचे म्होरके अबू सईद घरी येणार आहेत आणि त्यांना उत्तर हवंय, इथली किल्ली आता कोणाकडे? कोणीच पुढे आलं नाही तर कोळ्यांची संघटना हा दिवा कायमचा बंद करणार आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय मी कसं ठरवू?

फुजैराच्या मोठ्या बंदराला या जुन्या दिव्याची गरज उरलेली नाही. पण मासेमारीच्या लहान होड्यांना इथले खडक चुकवायला हाच लागतो. बिनपगारी सांभाळणार कोण, असं संघटनेने विचारल्यावर तुम्ही लगेच हात वर केलात. जहाजांना भाजी-किराणा पुरवायचा धंदा तेव्हा नुकताच तुमच्या मुलाच्या, निखिलच्या हाती दिला होतात. आम्हाला वाटलं, महिनाभराची हौस!

कसली हौस! रोज सकाळी वर चढून काचेवरचा खारा थर पुसायचा, तोही व्हिनेगरच्या पाण्याने. त्यासाठी आईंच्या जुन्या सुती साड्या पळवायच्या. (त्यातली एक जुनी नव्हती, अप्पा! त्या अजून कपाटात शोधतात. मी काही बोलले नाही.) संध्याकाळी मगरिबच्या अजानेआधी पुन्हा वर यायचं, पडदा उघडायचा, दिवा लावायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक होडीला हात करायचा. ऑगस्टमधल्या त्या घामट हवेतसुद्धा तुमचा कधी खाडा नाही.

पडदा कशाला, असं मी नवी सून असताना विचारलं होतं. तुम्ही या स्टुलावरचा काळा डाग दाखवलात. दिवसा ऊन भिंगातून आत आलं की लाकूडसुद्धा जाळतं, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही पडदा विसरला होतात! दुसऱ्या कोणी गुपचूप स्टूल बदललं असतं. तुम्ही मात्र आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो डाग कौतुकाने दाखवायचात. किती आवडायचं मला ते!

रागही आहे हं माझा तुमच्यावर. तुमच्यापायी दुबईत आमचा एक सिनेमा धड पुरा झाला नाही. मध्यंतर झालं की तुम्ही उभे, “यल्ला यल्ला, निखिल, गाडी काढ.”

तुमची नात इरा वैतागायची. “आजोबा, जस्ट पुट अ टायमर! एव्हरीथिंग इज ऑटोमॅटिक नाऊ.”

“लावू की. मग होडीवाल्यांनी हात कोणाला करायचा? टायमरला?”

त्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. हॉस्पिटल, पेपर्स, एम्बसी, इंडियाला फोन. सगळ्यांना कळवलं, बंदरावर कळवायचं मात्र कोणाच्याच लक्षात आलं नाही. अंधार पडल्यावर बेल वाजली. दारात अबू सईद आणि तीन-चार कोळी.

“बाबा किधर? मनारा अंधेरा है.”

मनारा म्हणजे तुमचं दीपगृह. मी सांगितलं. अबू सईद तिथेच पायरीवर बसले. मग उठले आणि म्हणाले, “खलास, बस. आज हम लोग देखेगा.” होड्या अजून समुद्रातच होत्या ना! त्यांनी धक्क्यावर सगळ्या पिकअप रांगेने उभ्या केल्या, तोंडं समुद्राकडे, आणि शेवटची होडी येईपर्यंत हेडलाइट चालू ठेवले. मी बाल्कनीतून बघत होते. एका माणसाच्या कामाला इतक्या गाड्या लागल्या, अप्पा! तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी वेगळाच पेच. सुतकात देवापुढे दिवा लावत नाहीत, मग हा लावायचा का? निखिल म्हणाला, “तेराव्यापर्यंत थांबू या, मी अबू सईदना सांगतो.” पुण्याच्या आत्यांनीही फोनवर तेच सांगितलं. आई कोपऱ्यात तुमच्यासाठी ठेवलेल्या पणतीजवळ बसल्या होत्या. एसीच्या वाऱ्याने ती सारखी विझत होती, आणि एसी बंद करून त्या खोलीत बसवत नव्हतं. पुन्हा वात सारखी करता करता त्या म्हणाल्या, “गेलेल्या माणसासाठी दिवा तेवत ठेवतात ना? मग त्यांचा तो तिकडे आहे. मृणाल, किल्ली घे.”

या दिव्याला ‘माझी सवत’ म्हणणाऱ्या आई, बरं का!

तेव्हापासून रोज येतेय. गुडघे बोलतात, केसांत मीठ बसतं, काच पुसून खाली उतरेपर्यंत पुन्हा धुरकट दिसते. तुम्ही हे शीळ घालत कसं करायचात हो? आज सकाळी निघताना आईंनी कपाटातून एक सुती साडी काढून माझ्या हातात दिली. अजिबात जुनी नव्हती.

आणि काल संध्याकाळची गंमत सांगते. बाहेर पडणाऱ्या एका होडीतल्या माणसाने सवयीने वर हात केला. तुमच्या जागी बाई दिसली तसा त्याचा हात अर्ध्यातच थांबला. मी घाबरले, काही चुकलं का? मग त्याने दोन्ही हात वर केले आणि दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिला. मीही.

तर अप्पा, ठरलं. अबू सईदना चहा देईन, किल्ली देणार नाही. सिनेमे आम्ही मध्यंतरापर्यंतच बघू. उद्या घरातली पणती शांत होईल, तुमचा दिवा मात्र मगरिबच्या आधी लागलेला असेल, आणि हात करायला वर कोणीतरी असेल. वचन देते.

तुमची सून आणि आता किल्लीवाली,
मृणाल