फवारणी पंपाची खोळ, कंबर छत्तीस

खटकचिंचोळी, ता. भालकी
१८ एप्रिल २००९

आदरणीय रामरावअण्णा यांना रामलिंगचा जय मल्हार, आणि तुमच्या वाट्याचा जयभीम. पार्वतीवहिनींना नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून सगळे. आणि मी खुशाल का नव्हतो व आता बराचसा कसा झालो, हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो आहे. तुम्ही म्हणाल, घरात मोबाइल असताना हा माणूस कागद कशाला काळे करतोय. तर अण्णा, आमच्या गावात मोबाइलला रेंज येते ती फक्त मल्लण्णाच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर, तीही पूर्वेकडं तोंड करून उभं राहिलं तर. त्या कट्ट्यावर सकाळपासून गावातली रिकामी मंडळी बसलेली असतात, आणि मला हळू बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. विषय असा आहे की तो तिथून ओरडून सांगितला तर मला गाव सोडावं लागेल.

तुमचं कार्ड पोचलं. ‘प्रकृतीमुळे चि. प्रतीक्षाच्या लग्नास येणे जमणार नाही, आशीर्वाद आहेत.’ बास, एवढंच. जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं तुम्ही इन्स्पेक्टर आणि मी ड्रेसर, एका डब्यात जेवलो, एकाच म्हशीच्या लाथा खाल्ल्या, तुमच्या अमरदीपच्या लग्नात मी विहारात तुमच्या शेजारी हात जोडून बसलो, आणि माझ्या थोरल्या नातीच्या लग्नाला तुम्ही मला एक ओळ पाठवता. मला राग आला. (म्हाळसाबाई म्हणते राग नाही, वाईट वाटलं. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं तिचं मत आहे.) तो राग बाजूला ठेवतो आणि आधी माझी कथा सांगतो.

गेल्या श्रावणात माझं लघवीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्ही मोसंब्या घेऊन आला होतात. ऑपरेशन चांगलं झालं. इतकं चांगलं झालं की आधी जे येता येत नव्हतं ते आता थांबता थांबेना. शिंकलं की, हसलं की, बकरू उचललं की, आणि कधी कधी तर काहीच न करता नुसता विचार करत बसलो तरी. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू ताब्यात, धीर धरा. सुनीलकुमारनं (आमचा धाकटा, हैदराबादेत कंपनीत आहे, घरच्या कुठल्याही अडचणीवर त्याचा उपाय म्हणजे खोकं पाठवणं) मोठ्या माणसांच्या डायपरचं खोकं धाडलं. त्यातही त्यानं सगळ्यात मोठं माप निवडलं, बापाला लहान कशाला म्हणून. म्हाळसाबाई त्याला गादी म्हणते. रोज सकाळी अंगणातून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारते, “गादी बांधलाव का न्हाई?”

आता अण्णा, मी सोळाव्या वर्षापासून लंगोट लावणारा माणूस. लंगोट सोडून अंगाला दुसरं काही लावायचं म्हणजे मला नागडं झाल्यासारखं वाटतं. म्हणून मी आधी लंगोट कसून बांधला आणि त्याच्यावर ती गादी. तिनं काय शोषायचं होतं ते सगळं लंगोटानंच शोषलं आणि मांडीवाटे धोतरात सोडून दिलं. गादी मात्र संध्याकाळी कोरडी ठणठणीत. मी म्हाळसाबाईला म्हटलं, बघ, एक गादी मला तीन दिवस पुरते. तिनं धोतराकडं बोट दाखवलं.

तोवर प्रतीक्षाची सोयरीक जमली. मुलगा महांतेश, मादन हिप्परग्याचा, शिकलेला, शेतीही आहे, घर आपल्यासारखंच मेंढरामागं फिरलेल्यांचं. माघात त्यांच्या घरी कुंकवाचा कार्यक्रम ठरला. आमच्यातली रीत तुम्ही बघितली आहे. घोंगडी अंथरली की ती देवाची जागा. तिच्यावर पायताण जात नाही, आणि दोन्हीकडचे थोरले तिच्यावर बसले की भंडारा लावून शेवटचा मान होईपर्यंत कुणी उठत नाही. म्हणजे दोन तास कुठंही गेले नाहीत, आणि पाहुणे बोलके असले तर तीन. त्या घोंगडीवर मी बसायचं. मला आठ दिवस झोप नाही.

विचार करता करता मला वाटलं, पाणी अडवायचं तर घोंगडीसारखं दुसरं काय आहे? माझा बाप अख्खा पावसाळा माळावर मेंढरांमागं काढायचा, डोक्यावर घोंगडीची खोळ, आणि आतला सदरा कोरडा. मी जुन्या घोंगडीचा तुकडा काढला, श्रीमंत नावाच्या आमच्या शिंप्याकडं नेला आणि गादीवर घालायला एक चड्डी शिवून घेतली. (त्याला सांगितलं, थंडीसाठी. माघात थंडी होती, त्यामुळं खपलं.) ती इतकी टोचायची की क्रूझरमध्ये हुमनाबादपर्यंत मी एका मांडीवर बसलो आणि हुमनाबादच्या पुढं दुसऱ्या. पण मनात निर्धास्त होतो. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही, आणि धनगराच्या पोटी जन्मून ती यायला हवी होती: पाऊस घोंगडीवर पडतो आणि ओघळून जातो. घोंगडी जर पाण्यात बसवली तर ती सगळं पाणी पिते आणि खाली जो असेल त्यालाही पाजते.

हिप्परग्यात कार्यक्रम सुरू होऊन तासभर झाला असेल. महांतेशच्या मामानं एक गंमत सांगितली, सगळे हसले, मीही हसलो. आणि मला कळलं. खाली हात लावून बघितला तर त्यांच्या देवाच्या घोंगडीला ओल आली होती. अण्णा, त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो, पण मादन हिप्परग्याची जमीन कडक. शेजारी पाण्याचा तांब्या होता. मी पान घ्यायला हात पुढं केला आणि तांब्या कोपरानं पाडला. भडाभड पाणी. सगळे धावले, मला उठवलं, कुणाला काही कळलं नाही. मनात म्हटलं, रामलिंगा, तू हुशार आहेस. एवढ्यात त्यांनी आतून दुसरी कोरडी घोंगडी आणली आणि मला पुन्हा सन्मानानं बसवलं.

अर्ध्या तासानं मी दुसरा तांब्या पाडला.

आता मात्र सगळे माझ्या हाताकडं बघायला लागले. महांतेशची आजी गंगव्वा, नव्वदीची, नजर घारीची, सावकाश पुढं सरकली, माझा हात आपल्या हातात धरला आणि म्हणाली, “अप्पा, हात कापायलाय व्हय तुमचा? हे तुमच्या घरात सगळ्यास्नीच हाय का?” झालं. घरी परतून चार दिवस होत नाहीत तोवर निरोप आला, की मुलीच्या आजोबांना थरथरीचा आजार आहे, तो रक्तातून उतरतो असं ऐकलं, तर जरा विचार करावा म्हणतो. म्हणजे बघा, मी अब्रू वाचवायला पाणी सांडलं आणि नातीचं लग्न त्यात वाहून चाललं. प्रतीक्षा दोन दिवस जेवली नाही. मला एक शब्द बोलली नाही, उलट मला ताक आणून द्यायची, आणि तेच मला सोसेना. शेवटी आमच्या थोरल्या मुलानं महांतेशला गाठून विनवलं, त्या पोरानं आजीला समजावलं, आणि गंगव्वानं सांगितलं, बरं, लग्नात मी म्हाताऱ्याच्या समोरच बसते आणि स्वतः बघते. लग्न पंधरा मेला, आमच्या अंगणात. मी घोंगडीवर, ती समोर. आता कळलं ना तुम्हाला, मी खुशाल का नव्हतो.

पुढचा उपाय म्हाळसाबाईचा. तिनं पेंडीच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी कापली, दोन भोकं पाडली, कमरेला नाडी ओवली. गळत नव्हतं, हे कबूल करतो. पण चाललं की कुरकुर वाजायचं, आणि तो आवाज नेमका पेंडीचं पोतं सोडल्याचा. मी देवळाकडं निघालो की गल्लीतल्या सगळ्या शेळ्या कान टवकारून मागं. एकदा मागं वळून बघितलं तर सात शेळ्या आणि एक दुसऱ्याचा बोकड. शिवाय आत हवा नाही, उन्हाळा लागलेला. मांड्यांना असं काही उठलं की मी गाईच्या सडाला लावायचं मलम लावलं. (ते चांगलं आहे. पण ते असू द्या.) त्या दिवसापासून मी घराबाहेर जायचंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हाळसाबाईनं सांगायचं, प्रकृती बरी नाही.

आणि मग तुमची लेक पंचशीला आली. नर्सबाई म्हणून लसीच्या कामाला गावात आली होती, काका-काकूंना भेटून जावं म्हणून घरी डोकावली. मी तिला कडेवर खेळवलेलं. तिच्यासमोर हा विषय निघण्यापेक्षा मी मेलेला बरा, म्हणून मी ज्वारीच्या कणगीमागं उभा राहिलो. म्हाळसाबाईनं तिला चहा द्यायच्या आधी सगळं सांगून टाकलं, शेळ्यांसकट. पोरगी हसली नाही हो. कणगीकडं तोंड करून म्हणाली, “काका, भाईर या. ह्यात लाजायलाव कामून? हे अर्ध्या बिदरला हाय.”

तिनं आधी लंगोट सोडायला लावला. (म्हणजे कायमचा. तिच्यासमोर नव्हे.) मग डायपरचं माप बघून कपाळावर हात मारला, म्हणाली, एवढ्यात दोन काका बसतील, बाजूनं फट राहणार नाही तर काय होणार? मांडीपाशी जी झालर असते ती मी नीट दिसावी म्हणून आत खोचत होतो. ती बाहेर उभी राहायला हवी, गळती अडवते तीच. आणि वरून खोळ पाहिजे, पण मऊ मेणकापडाची, आतून सुती अस्तर, कमरेला आणि मांड्यांना बेताचं इलॅस्टिक. डायपरची कड कुठूनही खोळीबाहेर डोकावता कामा नये, डोकावली की तिथून ओल धोतरात चढते. खोळ आहे म्हणून एकच डायपर दिवसभर ठेवायचा नाही, वेळेवर बदलायचा, अंगाला वारा द्यायचा, खोळ धुऊन सावलीत वाळवायची. एवढं सगळं तिनं असं सांगितलं जसं तुम्ही शेतकऱ्याला वासराचं दूध सांगायचात. चार दिवसांनी बिदरहून बरोब्बर मापाचे डायपर आणि मेणकापड धाडलं.

कापड घेऊन मी पुन्हा श्रीमंतकडं. थंडी संपली होती, म्हणून म्हटलं, फवारणीच्या पंपाला खोळ पाहिजे. तो म्हणाला, दोन भोकं कशाला? म्हटलं, पट्टे पाठीवर घ्यायला. त्यानं मान डोलावली, टेप काढला आणि गंभीरपणे विचारलं, “काका, पंपाची कंबर किती?” मी म्हणालो, छत्तीस. त्यानं वहीत लिहून घेतलं. शहाणा माणूस आहे. शिवण अशी दुहेरी घातली आहे की तुम्ही बघत राहाल.

परवा परीक्षा घेतली. अंगणात आमची घोंगडी अंथरली, मी बसलो, म्हाळसाबाईनं चार तांबे ताक पाजलं आणि गंगव्वा होऊन समोर बसली. मी शिंकलो, मुद्दाम हसलो, महांतेशच्या मामाची गंमत स्वतःला पुन्हा सांगितली. तीन तासांनी उठलो. घोंगडी कोरडी. अण्णा, आठ महिन्यांत पहिल्यांदा मी उठलो आणि मागं वळून बघितलं नाही. मी रडलो, खोटं कशाला सांगू. म्हाळसाबाई म्हणाली, आता हिकडूनबी गळायलं का? आणि तीही रडली.

तर असं आहे सगळं. वहिनींना सांभाळा, स्वतःला सांभाळा, उन्हाचं फिरू नका.

तुमचा,
रामलिंग ड्रेसर

ता. क. – श्रीमंतनं एक नाही, दोन खोळी शिवल्या आहेत. दुसरीची कंबर चाळीस. तुमच्या कमरेचं माप मला पक्कं ठाऊक आहे, तुमच्या पट्ट्याला बैलाच्या पोटफुगीच्या सुईनं नवी भोकं मीच पाडत आलो. पंचशीलावर रागावू नका, ती एक अक्षर बोलली नाही. मी फक्त विचारलं, अशी खोळ आणखी कुणासाठी केलीस बाई? तर म्हणाली, पेशंटसाठी, आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली, पिशवी रिकामी होती. आणि यंदा जयंतीच्या मिरवणुकीला तुम्ही गेला नाहीत हे वहिनींनी म्हाळसाबाईला सांगितलं. जो माणूस एकशे दोन ताप असताना निळा झेंडा घेऊन पुढं चालला, त्याची कसली प्रकृती ते मला कणगीमागं उभं राहूनच कळलं आहे. खोळ या पत्रासोबत पाठवतो आहे. पार्सलवर ‘पंपाचे सामान’ लिहिलं आहे, कुणी विचारणार नाही.

ता. क. २ – परीक्षेचं वर जे लिहिलं त्यात थोडी दुरुस्ती. घोंगडी तीन तासांनी कोरडी होती असं लिहिलं. ती दोन तासांपर्यंत कोरडी होती. नंतर डायपर बदलावाच लागतो, पंचशीलानं तेच सांगितलं होतं, पण तुम्हाला धीर यावा म्हणून मी एक तास वाढवून लिहिला. आता आमच्या रीतीत थोरल्यानं आपल्या मनानं घोंगडीवरून उठायचं नसतं. एकच सूट आहे: मानाचा पाहुणा उठला तर यजमानाला त्याच्यासोबत आतपर्यंत जावंच लागतं, आणि ह्याला गंगव्वासुद्धा नाही म्हणू शकत नाही. म्हणून मी हिप्परग्याला कळवून टाकलं आहे की माझ्या उजव्या हाताला मानाचे पाहुणे बसतील, रामराव इन्स्पेक्टर, बिदर. घड्याळ लावून या. दोन तास झाले की तुम्ही उठा, तुमच्या मागं मी उठतो. आतल्या खोलीत दोघांपुरतं सगळं ठेवलेलं आहे.

ता. क. ३ – मला एकट्याला नाही जमायचं, अण्णा.